खुनी डॉक्टर नव्हता, आबा

आबा,

तुम्ही अर्धी टाकून गेलात ती कादंबरी मी संपवली. आईंना फोनवर वाचून दाखवत संपवली, ते कसं झालं ते पुढे सांगते. आधी महत्त्वाचं. खुनी डॉक्टर नव्हता.

डॉक्टर गोष्टीत आला त्याच संध्याकाळी तुम्ही निकाल देऊन मोकळे झाला होतात. "एवढं गोड बोलणारा माणूस सरळ असूच शकत नाय. लिहून ठेव." खून केला होता त्या मेलेल्या शेटजीच्या धाकट्या बहिणीने. तीच ती, जी प्रत्येक प्रकरणात पोलिसांना चहा आणून देत होती आणि आपण दोघंही जिला विसरून जात होतो.

माझं मत विचाराल तर पहिला अर्धा भाग झकास आहे. तो थंड हवेचा गाव, ते धुकं, गुडघेदुखीने बेजार झालेला म्हातारा इन्स्पेक्टर. पण शेवटी लेखकाने लबाडी केली. बंगल्याच्या मागच्या दाराला दुसरी किल्ली होती, हे त्याने अगदी शेवटच्या प्रकरणात सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आपण तिला पकडली असती की! तुम्ही असतात तर 'मी चुकलो' असं काही म्हणाला नसतात. लेखकच चुकला म्हणाला असतात. आणि या खेपेला मी तुमच्या बाजूने असते.

गेल्या महिन्यात घरी भेटायला आलेली माणसं तुम्हाला मनमिळाऊ म्हणत होती. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, यांना तुमच्यासमोर एखादी भिकार कादंबरी वाचायला बसवायला हवं होतं.

मी लग्न होऊन मिऱ्यावर तुमच्या घरी आले आणि दोन महिन्यांत तुमचा प्रसाद बोटीवर गेला. तुम्हीही जन्मभर बोटीवर होतात, इंजिनरूममध्ये इलेक्ट्रिशियन. तिथे हातोहात फिरणाऱ्या, कव्हर फाटलेल्या कादंबऱ्या वाचायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. मग काचबिंदूने डोळे गेले. थेंब झाले, ऑपरेशन झालं, गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी आले तेव्हा तुम्ही पडवीतल्या खुर्चीत दिवसभर बसून असायचात. आई ताट पुढे ठेवून "भात समोर, मासा डावीकडे" असं सांगायच्या, तुम्ही 'हूं' म्हणायचात, एवढंच काय ते घरात तुमचं बोलणं. मला तुमची भीती वाटायची. मी पडवीतून जाताना चपला हातात घेऊन जायची.

खिडकीत वाचनालयाचं एक पुस्तक कधीचं पडून होतं. एके दुपारी मी धीर करून विचारलं, "आबा, मी शहरात चाललेय, हे परत करू का?"

"वाचलंस?"

"नाही."

"मग वाच. आणि मोठ्याने वाच."

ती भुताची कादंबरी होती. खाडीकाठचं घर, माडात दिसणारी बाई, विहिरीतून येणारे आवाज. मी घाबरत घाबरत वाचत होते, निम्मी त्या बाईला आणि निम्मी तुम्हाला. चौथ्या का पाचव्या प्रकरणात नायक ऐन दिवाळीत परसात जातो आणि त्याला पिकलेल्या फणसाचा वास येतो. तुम्ही एकदम हात वर केलात. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

"दिवाळीत फणस पिकवलान् याने! आणि म्हणे कोकणातली कादंबरी!"

आणि तुम्ही हसलात. मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघितलं. आत आई भाकऱ्या करत होत्या, त्या पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या, तुमच्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या. फणस काढला तर ती कादंबरी वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते. शेवटी ती बाई कोणाला त्रास द्यायला नाही, आपलं बाळ शोधायला फिरतेय असं कळतं, तिथे मला रडू आलं होतं. तुम्ही म्हणालात, "भुताने भुतासारखं वागावं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आपलं वाचन. पुस्तकांची नावं तुमच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ती किल्ल्याची, ती भुताची, ती गुलाबी. त्या किल्ल्याच्या कादंबरीवरून आपलं केवढं वाजलं! मला ती आवडत होती. वेढा पडलेला किल्ला, आतले दाणे संपत आलेले, किल्लेदार तटावर उभा राहून बोलतोय. मी तर आवाज चढवून वाचत होते. तुम्ही म्हणालात, "हा माणूस बायकोशी पण भाषणच करतो. याला कोण 'जेवायला चला' म्हणत नाय काय?" माझा सगळा आवेश उतरला. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पण आबा, त्यानंतर मी कुठलीही ऐतिहासिक कादंबरी उघडली की किल्लेदाराला कधी भूक लागते याची वाट बघते. परवाच एक वाचली. त्यात एक सरदार लढाईच्या आदल्या दिवशी चुलीजवळ बसून कांदा फोडतो, आणि तो कांदा त्याला झोंबतो. मला ते पान एवढं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

त्या गुलाबी कादंबरीचंही तुम्हाला एक सांगायचंय. कॉलेजातली मुलगी आणि संगीत शिकवणारा मास्तर. दोघं पावसात एका देवळात अडकतात आणि लेखिका सैल सुटते. मी काय करणार? सासऱ्यांना काय काय वाचून दाखवायचं? मी हळूच पानं उलटली आणि 'दुसऱ्या दिवशी सकाळी'पासून पुढे सुरू केलं.

तुम्ही म्हणालात, "दोन पानं एकदम उलटलीस."

"चिकटली होती आबा."

"मी बोटीवर होतो गो, मठात नव्हतो."

आत आईंच्या हातातून काहीतरी पडलं आणि त्या खोकल्यासारखं हसल्या. माझे कान तापले. पण त्या दिवसानंतर घरात मी कधी चपला हातात घेऊन चालले नाही. कादंबरी मात्र सुमार होती, यावर आपलं एकमत झालं. दोघांमध्ये अडचण काय आहे तेच कळत नव्हतं. दोन मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर सगळे गैरसमज मिटले असते, आणि मग कादंबरी कशाला हवी होती?

मला सगळ्यात कंटाळवाणी वाटली होती ती अंतराळातली. एक मोठं यान, कित्येक वर्षांचा प्रवास, आत पन्नास माणसं आणि पानोपानी यंत्रांची वर्णनं. मी जांभया देत वाचत होते आणि तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसला होतात. "हा बोटीवर राहिलेला माणूस हाय," असं तुम्ही दहादा म्हणालात. त्याच त्या माणसांचे तेच ते विनोद, जेवणावरून भांडणं, बाहेर बघितलं तर काळोख. त्यातल्या एका माणसाला घरून निरोप येतो की त्याचे वडील वारले. निरोप त्याच्यापर्यंत पोचायलाच इतका काळ गेलेला असतो की तिकडे सगळं आटपून गेलेलं असतं. तिथे तुम्ही मला थांबवलंत.

"माझं असंच झालं होतं," तुम्ही म्हणालात. तुम्ही कुठल्याशा परदेशी बंदरात होतात. वडील गेल्याचं कळलं तेव्हा इकडे त्यांचं बारावंही होऊन गेलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"डेकवर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. मग माझी ड्युटी होती, खाली गेलो. काम केलं. लोक म्हणतात, जवळ नव्हतास, शेवटचं तोंड बघायला मिळालं नाय. पण मी त्यांच्यासाठीच गेलो होतो ना गो बोटीवर? त्यांनीच पाठवलंन् मला. मग मी त्यांच्याजवळच होतो म्हणायचा."

मी पुढचं वाचायला घेतलं, पण मला अक्षरं दिसेनात. ती कादंबरी मी आता पुन्हा आणली आहे. यंत्रं अजूनही मला कळत नाहीत. पण माणसं फार खरी आहेत. कंटाळवाणी म्हणाले होते, ते शब्द मागे घेते.

आणि मग ती घर सोडणाऱ्या बाईची कादंबरी.

आपलं खरं भांडण तिच्यावरून झालं. लग्न झालेली, शिकलेली बाई, नवरा लांब, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागते आणि ती जाते. मी पुस्तक मिटून म्हणाले, "हे काही बरोबर नाही केलंन् तिने. त्या म्हातारीने काय करायचं?"

"बरोबर केलंन्," तुम्ही म्हणालात.

"असं कसं, आबा?"

"तुला लोट्याहून फोन आला होता ना?"

मला वाटत होतं, मी परसात जाऊन बोलले ते कोणाला ऐकू गेलं नाही. माझ्याबरोबर कॉलेजात केमिस्ट्रीला असलेली स्नेहल, लांज्याची, लोट्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. तिथे जागा निघाली होती. मी तिला 'बघते' म्हणाले होते आणि बघत मात्र नव्हते.

"इथून रोज जाऊन-येऊन होणार नाही," मी म्हणाले. "तिथे राहावं लागेल. तुम्हाला वाचून कोण दाखवणार?"

"मी काय तुझी नोकरी हाय काय?" तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "आजपासून मी ऐकणार नाय. तुझा अर्ज गेला की सांग."

आणि तुम्ही खरंच ऐकायचं बंद केलंत. मी रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन पडवीत यायची आणि तुम्ही रेडिओ मोठा करायचात. मच्छीमारांसाठीचा हवामानाचा अंदाज ऐकत बसायचात. गेली कित्येक वर्षं तुम्ही पाण्यात पायसुद्धा घातला नव्हतात! आई मधल्या मध्ये निरोप नेत होत्या. "ते म्हणतायत, चहा नको." "ती म्हणतेय, मग राहूदे." शेवटी आईच वैतागल्या. "बाय, एकदाचा तो अर्ज कर, नायतर मीच कुठेतरी नोकरीला जाते." मी तुमच्या शेजारी बसून फोनवर अर्ज भरला. गेला असं सांगितलं. तुम्ही रेडिओ बंद केलात आणि म्हणालात, "आता आण काहीतरी बरं."

लोट्याला मी आणि स्नेहल एका खोलीत राहायला लागलो. कंपनीची बस संध्याकाळी सोडायची, मी हातपाय धुऊन फोन लावायची. तिकडे आई फोन तुमच्या समोर स्टुलावर ठेवायच्या, आणि मी वाचायची. रेंज गेली की तुम्ही भडकायचात, जशी काय ती मीच घालवली. स्नेहल आपल्या खाटेवरून ऐकायची आणि म्हणायची, "हा तुझा सासरा आहे की मित्र?" मी म्हणायची, सासराच आहे, मित्र एवढ्या शिव्या देत नाहीत.

त्या घर सोडणाऱ्या बाईबद्दलचं माझं मत मी तिथूनच एकदा तुम्हाला सांगितलं होतं. मी म्हणाले, आबा, लेखिकेने स्वतःचं काम सोपं करून घेतलं. सासू दुष्ट दाखवली, नवरा नालायक दाखवला. मग तिने घर सोडलं तर त्यात काय मोठं? चांगल्या माणसांना सोडून जायला लावायला हवं होतं तिला. मग कळलं असतं, काय असतं ते.

तुम्ही खाकरलात आणि म्हणालात, "पुढचं वाच."

त्या दिवशी मला आणखी एक सांगायचं होतं, ते राहिलं. मला ती नोकरी हवी होती, आबा. मनापासून हवी होती. तुम्ही मला ढकललंत असं मी प्रसादला सांगितलं, माहेरी सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, कारण 'सासरे ऐकेनात' म्हणणं सोपं होतं. पण तुम्हाला ते आधीच ठाऊक असणार. मी परसात फोनवर कुठल्या आवाजात बोलत होते ते तुम्ही ऐकलं होतंत. डोळे गेल्यापासून तुम्ही माणसांचे आवाजच तर वाचत होतात.

तुम्ही गेलात तेव्हा मी लॅबमध्ये होते. फोन लॉकरमध्ये होता. आमच्या मॅडम आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली काचेची नळी आधी काढून घेतली, मग सांगितलं. दुपारी जेवून तुम्ही पडवीत बसलात, आईंनी ताक आणलं, आणि तुम्ही हात पुढे केला नाहीत. एवढंच. स्नेहल माझ्याबरोबर एसटीने घरापर्यंत आली. वाटेत ती सारखी म्हणत होती, "रड ना गं, रड." मला रडू येत नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला तुमचा तो डेक दिसत होता. जवळ नव्हते याची टोचणी मला लागेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती लागली नाही. लागू नये याची सोय तुम्हीच करून ठेवली होतीत. तुम्हीच पाठवलंत, मग मी तुमच्याजवळच होते म्हणायचं. रडू नंतर आलं, घरी, स्टूल बघितल्यावर, आणि खूप आलं. प्रसाद बोटीवरून पोचायला आठवडा लागला. त्याला मी अंतराळातल्या कादंबरीतली ती गोष्ट सांगितली. त्याला तुम्ही ती कधीच सांगितली नव्हती. तो ऐकून पडवीत बराच वेळ बसला, आणि उठला तेव्हा बरा दिसत होता.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मी कामावर परत आले. पहिल्याच संध्याकाळी हातपाय धुतले आणि आता काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. आई होत्या. आईंनी आपण होऊन मला कधी फोन केला नव्हता. जेवलीस का, पाणी येतं का, स्नेहल बरी आहे का, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "मग? पुढे काय झालं गो त्या बंगल्यात?"

"तुम्ही ऐकत होता?"

"घरात दुसरं काय होतं ऐकायला? कान काय काढून ठेवू?"

म्हणून मी वाचायला घेतलं. बहीण पकडली गेली तेव्हा आई म्हणाल्या, "मी यांना तेव्हाच बोलले होते, एवढा चहा कोण करत नाय. यांनी माझं कधी ऐकलंन्?" आबा, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत! आईंनी खुनी ओळखली होती आणि तुम्ही ते दाबून ठेवलंत!

आता आमचं रोज वाचन असतं. सांगते, तुम्ही बरे होतात. आईंना कुठलाच नायक पसंत पडत नाही. तो कांदा फोडणारा सरदारही नाही. "आयता बसून कांदा फोडलान् म्हणजे काय मोठं केलंन्? भाकरी कोणी थापली?" मी सरदाराची बाजू घेऊन भांडले. हरले.

गेल्या रविवारी मी घरी होते. पुस्तकं परत करायची होती, आई म्हणाल्या, मी पण येते. वाचनालयाच्या पायऱ्या त्या पहिल्यांदा चढल्या. तुमच्या नावाचं सभासदत्व होतं, ते आता कोणाच्या नावावर करायचं असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "सुलोचना. माझ्या नावावर करा." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. मग कपाटांमधून त्या निवांत फिरल्या. चार-पाच पुस्तकं काढली, उघडली, परत ठेवली. शेवटी एक जाडजूड घेतलं. तीन बहिणींची गोष्ट, चांगली तीन पिढ्यांची.

परत येताना रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी चष्मा लावला आणि पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं.

"आई! शेवट आधी वाचायचा नसतो!"

"का? कोण रागावतंय?" त्या पान वाचत राहिल्या. मग पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि समाधानाने मागे टेकून बसल्या. "शेवट एकदा कळला की मधलं निवांत वाचता येतं गो."

आबा, तुम्ही असतात तर तिथेच रिक्षा थांबवून उतरला असतात आणि मिऱ्यापर्यंत चालत आला असतात.